घरट्यावरचा कॅमेरा

नातवाला मांडीवर घेऊन मी अमेरिकेतल्या एका पक्षिणीचं बाळंतपण बघत बसायचे, यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. जावई हसायचा. ‘आई, मराठी सीरियल लावून देऊ का?’ म्हणायचा. सीरियलमधल्या बायका दागिने घालून झोपतात. ही बाई पाठीवर बर्फ घेऊन अंड्यांवर बसली होती. मला हिचं जास्त पटत होतं.

मुलीचं घर टार्निटला. मेलबर्नच्या पश्चिमेला नुसतं गवत होतं म्हणे, तिथे आता एकासारखं एक घर उभं आहे आणि प्रत्येक घरापुढे काठीला बांधलेलं एकेक झाड. मी ऑगस्टात आले, कडाक्याच्या थंडीत. विमानतळावरच्या पोरीने डिंकाच्या लाडवांचा डबा उघडायला लावला. मी म्हटलं, बाळंतिणीचं औषध आहे. तिने एक फोडून बघितला आणि बाकीचे परत दिले.

इथल्या मराठी घरांत आज्या शिफ्टमध्ये येतात. आधी मुलीची आई, मग मुलाची. एकीची बॅग बंद झाली की दुसरीची उघडते. दोघींना एकदम कुणी बोलवत नाही, कारण स्वयंपाकघर एकच असतं. माझी शिफ्ट फेब्रुवारीअखेर संपणार होती आणि मग नागपूरहून विहीणबाई यायच्या होत्या. तिकीट येण्याजाण्याचंच काढलेलं होतं.

जानेवारीत मुलगी कामावर रुजू झाली. ती आणि जावई दोघंही आयटीतले, सकाळी ट्रेनने सिटीत जायचे. बाहेर ऊन असं की दारात पाय ठेवला तर चटका. घरात मी आणि चार महिन्यांचा नातू. ‘तुला बोअर होईल,’ म्हणून मुलीनेच एक दिवस टॅब्लेट उभा करून दिला आणि त्यावर ते घरटं लावलं. बाल्ड ईगल. नावात टक्कल असलं तरी डोकं पांढऱ्या पिसांनी गच्च भरलेलं. तिकडच्या डोंगरात एका उंच झाडावर कुणी कॅमेरा बसवला होता आणि जगभरची रिकामटेकडी माणसं त्यातून घरट्यात डोकावत होती. इकडे माझी सकाळ असायची तेव्हा तिकडे दुपार.

फेब्रुवारी लागला आणि तिने दोन अंडी घातली. काय सांगू, मला स्वतःचे दिवस आठवले. पोटावरची पिसं विरळ करून ती उघडी कातडी अंड्यांना लावून बसते. कातडीची ऊब थेट मिळायला हवी, पिसं मध्ये आली तर काय उपयोग. तास-दोन तासांनी उठते, चोचीने अंडी हलकेच फिरवते, पुन्हा डावी-उजवी डुलत बसते. सगळ्यात मला आवडायचं ते तिचं चालणं. ज्या नखांनी मासा फाडायचा ती नखं ती अंड्यांपाशी आली की मुठीत मिटून घ्यायची आणि मुठींवर चालायची. माझ्या सासूबाई बाळाला घ्यायच्या आधी बांगड्या मागे सारायच्या, ते आठवायचं.

नरही बसायचा. तिच्यापेक्षा अंगाने लहान, पण हौस दांडगी. एखादी काटकी घेऊन यायचा, घरट्याच्या कडेला ठेवायचा आणि तिच्याजवळ उभा राहून वाट बघायचा. ती लगेच उठायची नाही. मग तो आणखी जवळ सरकायचा. शेवटी ती उठून उडून जायची आणि हा घाईघाईने अंड्यांवर बसायचा. मी नातवाला म्हणायचे, ‘बघ रे लबाडा, आजोबांची शिफ्ट सुरू झाली.’ तो मुठी चोखत बघायचा.

आता त्या दुसऱ्या कॅमेऱ्याबद्दल सांगते.

नातवाच्या खोलीत फळीवर एक छोटा पांढरा कॅमेरा होता, अंड्याएवढा. बाळ झोपलं की खालच्या खोलीतून दिसावं म्हणून लावलाय, असं मला सांगितलं होतं. मी म्हटलं बरं. इथे धूळ फार, म्हणून रोज सकाळी बाकीच्या फळीबरोबर मी त्यालाही फडक्याने पुसायचे. तो रात्रीचा आहे, अशी माझी समजूत. दिवसा तो बघतो, ऐकतो, आणि बघितलेलं-ऐकलेलं सिटीतल्या दोन ऑफिसांमधल्या दोन फोनांवर पोचवतो, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही. स्वतःच्या पोरीच्या घरात असले प्रश्न विचारतं कोण.

त्या खोलीत मी नातवाला तेल लावायचे. तेल लावताना तोंड बंद ठेवता येत नाही, निदान मला तरी नाही. मी त्याला सगळं सांगायचे. शेजारीण कचऱ्याचे डबे कसे चुकीच्या दिवशी काढते, त्याचा बाप भाजीत मीठ कमी असलं की कसा न बोलता लोणचं घेतो. आणि एक दिवस मी त्याला ताईचं सांगितलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सांगलीला एकटी असते. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. माझ्या वेण्या घालण्यापासून मला नोकरीला लावण्यापर्यंत सगळं तिने केलं आणि त्यात तिचं लग्न राहून गेलं. तिला काचबिंदू आहे. एक डोळा केव्हाच गेला होता, दुसऱ्यात थोडं उरलं होतं. ‘खिडकीतून बघितल्यासारखं दिसतं,’ म्हणायची, ‘आणि खिडकी लहान होत चाललीय.’ गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती मला फोनवर म्हणाली, ‘पोरीला सांगू नकोस. ओली बाळंतीण, उगाच जिवाला लावून घेईल. तू फेब्रुवारीअखेर येतेस ना? तोवर पुरेल बहुतेक. एकदा तुझं तोंड नीट बघून घेते, मग आवाजावर भागवीन.’

हे मी ऑस्ट्रेलियात कुणालाही बोलले नव्हते. नातवाच्या पायाला तेल चोळताना त्याला तेवढं सांगितलं. सांगितलं की बाबा रे, तुझ्यावर जीव आहे माझा, पण मला आता घरी जायचंय. माझी ताई वाट बघतेय, तिची दृष्टी जायच्या आत मला पोचायचंय, तुझ्या आईला हे कुठल्या तोंडाने सांगू, तिची तर तारांबळ चाललीय. आणि रडलेही. तो हसला, पाय झाडले, तेलाची वाटी कलंडली. मी पुसून घेतली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मुलगी माझ्या पायाशी येऊन बसली. टाचांना भेगा पडल्यात म्हणून क्रीम लावायला लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण ही पोरगी लहानपणापासून काम असलं की आधी गूळ लावते. ‘आई,’ म्हणाली, ‘सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे आलंय. चाइल्डकेअरमध्ये जूनशिवाय जागा नाही. व्हिसा तर वर्षभराचा आहे. तिकीट मेअखेरचं करूया का? तुलाही इथे आवडतंय ना?’

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी म्हटलं, ‘आवडतंय की.’

‘नक्की ना? तुझं तिकडे काही अर्जंट नाही ना?’

‘माझं काय अर्जंट असणार.’

असं म्हणाले मी. ताईला फोन करून सांगितलं तेव्हा ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. मग म्हणाली, ‘पोरीला गरज आहे, राहा.’ दुधाची तहान ताकावर भागवायची सवय तिला जन्माचीच आहे. मी मनाशी हिशेब केला की खिडकी अजून जरा टिकेल. माझ्या पोरीला यातलं काही ठाऊक नाही, ठाऊक असतं तर तिने स्वतःच मला विमानात बसवलं असतं, असं मी स्वतःला रोज सांगायचे. तेवढ्यावर मी ते दिवस काढले. पोरीबद्दल राग नव्हता, उलट माझ्या न बोलण्याचा थोडा अभिमानच होता.

मार्चमधल्या एका रविवारी जवळच्याच पॉइंट कुक भागात जेवायला बोलावलं होतं. मुलीची मैत्रीण, पुण्याचीच, तिचं घर. त्या दिवशी सकाळी निघताना मी टॅब्लेट बघितला तर एका अंड्याला बारीक छिद्र पडलेलं. मला घराबाहेर पडवेना. फुटण्याच्या आधीच पिल्लू आतून चिवचिवतं, आणि आई मान खाली घालून ऐकते, बारीक आवाजात उत्तर देते. पण कवच फोडायला मदत करत नाही. चोचीवर एक टोक असतं, त्याने पिल्लू आतून एकेक टोचा मारत राहतं, दिवस दिवस लागतो. ‘चल ना आई, उशीर होतोय,’ मुलगी दारातून म्हणाली.

जेवण छान होतं. पुरीभाजी, मसालेभात, आणि दुकानातलं श्रीखंड. बायका आत, पुरुष मागच्या अंगणात बार्बेक्यूपाशी. मैत्रीण माझ्या पानात पुरी वाढता वाढता हसायला लागली. ‘काकू, तुम्ही किती गोड आहात. रोज कॅमेरा पुसता ना? तेव्हा तुमचं तोंड एवढं मोठं होऊन येतं स्क्रीनवर. हिने दाखवलं, आम्ही इतके हसलो.’

मीही हसले. म्हणजे हसण्यासाठी ओठ हलवले. मुलगी म्हणाली, ‘अगं, ते जाऊ दे ना.’ पण मैत्रिणीला थांबायचं नव्हतं. मनाने चांगली पोर आहे ती, तिला खरंच काळजी होती.

‘आणि काकू, ताईंच्या डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?’

माझ्या हातात पुरीचा तुकडा होता. तो मी पानात ठेवला. मी मुलीकडे बघितलं. ती वाटीतल्या श्रीखंडात चमचा फिरवत होती, आणि फिरवतच राहिली.

‘ठीक आहे,’ मी म्हटलं. ‘चाललंय.’

परतताना मी मागच्या सीटवर, नातवाच्या शेजारी.  जावयाने दोनदा आरशातून माझ्याकडे बघितलं, म्हणजे त्यालाही माहीत होतं. मुलीला माहीत, जावयाला माहीत, पॉइंट कुकला माहीत. मी ज्याला सांगितलं होतं तो तेवढा अंगठा चोखत झोपला होता, त्या बिचाऱ्यालाच काय ते कळलं नव्हतं.

मला कॅमेऱ्याचा राग आला नाही असं नाही. आला. पण तो लगेच विरला. जे सलत राहिलं ते वेगळं होतं. तिने ऐकलं होतं. माझं रडणं ऐकलं होतं, ताईचं शेवटचं दिसणं ऐकलं होतं. आणि ते ऐकून ती माझ्या पायाशी बसली, टाचांना क्रीम लावलं, आणि माझ्या तोंडून ‘अर्जंट काही नाही’ वदवून घेतलं. परक्याने केलं असतं तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस माझ्याच पोरीचे, मीच तेल लावून वाढवलेले.

मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. ट्रंककॉलच्या काळात कानाला हेडफोन लावून बसायचे. अर्ध्या शहराची भांडणं, सोयरिकी, मयतीचे निरोप माझ्या कानांवरून गेले. पहिल्याच दिवशी सुपरवायझर बाईंनी सांगितलं होतं, ऐकू तर येणारच, ते काम आहे. पण ऐकू आलं तर तोंड उघडायचं, ‘ऑपरेटर लाइनवर आहे’ म्हणून सांगायचं, नाहीतर प्लग काढून घ्यायचा. तिसरं काही करायचं नाही. ही गोष्ट मी मुलीला लहानपणी कितीदा तरी सांगितली होती. तिला ती आवडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामावर गेली. मी नातवाला त्याच खोलीत घेतलं, टॅब्लेट समोर ठेवला. पहिलं पिल्लू बाहेर आलं होतं. ओलं, करडं, मान टाकून पडलेलं. ती त्याच्यावर अलगद बसली. दुसरं अंडं तसंच होतं, त्याला चीरही नव्हती. मी नातवाला तेल लावलं, अंघोळ घातली, कपडे चढवले. एक शब्द बोलले नाही. त्याला नवल वाटलं असेल, सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. मग मी त्याला कडेवर घेतलं, फळीपाशी गेले आणि त्या पांढऱ्या अंड्याकडे बघून म्हटलं, ‘लाइनवर कोण आहे?’

काहीच झालं नाही. मी तशीच उभी राहिले. नातू माझ्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होता. मी पुन्हा म्हटलं, ‘लाइनवर कोण आहे, सांगायचं.’

कॅमेऱ्यावरचा बारीक दिवा निळा झाला. आतून खरखर आली आणि मग मुलीचा आवाज. ‘मी आहे, आई.’

इतक्या महिन्यांत ती वस्तू एकदाही बोलली नव्हती. बोलता येतं हेही मला माहीत नव्हतं. नातवाने आईचा आवाज ओळखला आणि मान वळवून तिला खोलीभर शोधायला लागला, दाराकडे, खिडकीकडे, माझ्या खांद्यामागे.

‘ताईचं ऐकलं होतंस?’

‘हो.’

‘केव्हा?’

‘त्याच दिवशी. लंचला.’

‘मग तिकिटाचं विचारलंस ते नंतर.’

 मागे ऑफिसातली माणसं इंग्रजीत बोलताना ऐकू येत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, ‘मला वाटलं तू सांगशील. मी विचारलं ना तुला, अर्जंट काही आहे का. तू हो म्हणाली असतीस तर मी तिकीट बदललंच नसतं, शपथ. तू नाही म्हणालीस.’

‘मी नाही म्हणणार हे तुला माहीत होतं.’

पुन्हा खरखर. ‘हो,’ ती म्हणाली. ‘आई, मला दुसरा मार्गच नव्हता गं. कालपासून मला—’ आणि तिचा आवाज फुटला. पण तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली आणि ती ‘कमिंग, नो वरीज’ असं अगदी वेगळ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली. दिवा विझला. नातू रडायला लागला. आईचा आवाज आला आणि आई नाही, हे त्याला समजेना. मी त्याचं टोपडं काढलं आणि कॅमेऱ्याला घातलं. त्याला ते बरोबर बसलं.

संध्याकाळी ती लवकर आली. डोळे सुजलेले. मी चहा टाकला, कारण चहाची वेळ होती. तिने आल्या आल्या लॅपटॉप उघडून मला दाखवलं, चार दिवसांनंतरचं तिकीट तिने केलं होतं. आठवडाभर जावई रजा घेणार, पुढचं पुढे बघू, म्हणाली. ‘आई, माझ्याशी बोल ना काहीतरी.’

‘ताईला आधी कळवते,’ मी म्हटलं.

फोन ओट्यावर ठेवून स्पीकरवर लावला, माझे हात कणकेचे होते. तिकडे दुपार होती. ताईने बऱ्याच वेळाने उचलला, आधी फोन खाली पडल्याचा आवाज आला.

‘ताई, मी शुक्रवारी निघतेय. तिकीट बदललं.’

‘अगं, कशाला?’ ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, उलट थोडा हलका. ‘तुला सांगणार होते कालच, पण म्हटलं तू कुणाकडे जेवायला गेली असशील. मागच्या आठवड्यापासून याही डोळ्याने दिसायचं बंद झालं सगळं. उजेड तेवढा कळतो. शेजारची मुलगी येते, डबा देते, काही अडत नाही माझं. तू पोरीचं बघ. आता काही घाई नाही. सावकाश ये.’

 मी ‘येते’ एवढंच म्हटलं. तिने विचारलं, बाळ पालथं पडायला लागलं का, आणि मी हो म्हटलं, आणि तिने फोन ठेवला.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. या वेळी ती मला दिसत होती. मी कणीक झाकून ठेवली, हात धुतले आणि बॅग काढायला वर गेले.